सेन्सरवरचा आळ

गाडीच्या दुखण्यांमध्ये सगळ्यात छळवादी दुखणं म्हणजे दाखवायला नेलं की गायब होणारं. सकाळी गार इंजिन, एका सेल्फमध्ये गाडी सुरू. दिवसभर पळते, पिकअपची तक्रार नाही, आवाजात फरक नाही. मग कुठेतरी थोडा वेळ उभी करून परत चावी फिरवावी, तर सेल्फ फिरतोय, फिरतोय, आणि इंजिन काही धरत नाही. बॅटरीची दया येईपर्यंत ताणून धरतं आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतं. तोवर मीटरवर पिवळा दिवा लागलेला असतो. गॅरेजमध्ये नेऊन बॉनेट उघडेपर्यंत इंजिन पुन्हा गार, आणि गार इंजिन चारचौघांत फार शहाण्यासारखं वागतं.

माझ्या गाडीने हे नखरे सुरू केले तेव्हा गाडीतल्या दोषाच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड आला पी ०३४०. हा कोड ज्यांना पाठ आहे ते पुढचं काहीच विचारत नाहीत. कॅम सेन्सर गेला, बदलून टाका. बऱ्याचदा ते खरंही निघतं. तरी या वाक्याशी माझं भांडण आहे, आणि त्या भांडणात मी सेन्सरच्या बाजूने आहे. कोड एवढंच सांगतो की कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, स्थितीचा जो सिग्नल ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचायला हवा होता, तो त्या सर्किटवरून नीट पोचला नाही. सर्किटमध्ये सेन्सर आहे, तसा कनेक्टर आहे, त्यातून निघणाऱ्या वायरी आहेत, त्या वायरींना सप्लाय आणि अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) देणारं बाकीचं वायरिंग आहे, आणि पार टोकाला खुद्द ईसीयू आहे. दोष यातल्या कोणाचाही असो, आळ येतो सेन्सरवर. स्कॅनरच्या पडद्यावर नाव त्याचं एकट्याचं लिहिलेलं असतं ना!

त्याचं काम काय, हे आधी बघू. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक आवर्तन ७२० अंशांचं. तेवढ्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दोनदा फिरतो आणि कॅमशाफ्ट एकदा. पुष्कळ इंजिनांत क्रँकबरोबर फिरणाऱ्या चकतीवर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. एक दाता म्हणजे ६ अंश. गाळलेली जागा क्रँकच्या सेन्सरसमोरून गेली की ईसीयूला कळतं, एक फेरा झाला. इथवर सगळं सरळ आहे. घोळ असा की चार सिलिंडरच्या इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकदमच वर येतात. त्यातला एक हवा दाबून ठिणगीची वाट बघत असतो आणि दुसरा जळलेला धूर बाहेर ढकलून मोकळा होत असतो. क्रँकच्या दृष्टीने दोघे अगदी सारखे. तीनतालात मात्रा चोख मोजणारा, पण पहिल्या मात्रेवरची सम आणि नवव्या मात्रेवरची खाली यांत गल्लत करणारा माणूस आठवा. लय पक्की असूनही तो बरोब्बर अर्ध्या आवर्तनाने चुकलेला असतो. एकट्या क्रँक सेन्सरची हीच गत. सम कुठली ते दाखवतो कॅम सेन्सर.

जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांना हा प्रश्न पडत नसे. डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच गतीने फिरायचा, त्याचा रोटर ज्या सिलिंडरच्या वायरीसमोर येईल तिथे ठिणगी जायची. पाळी कोणाची हे लोखंडातच ठरलेलं होतं. पुढे काही इंजिनांत कॅम सेन्सर त्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच बसवला गेला, आणि मग डिस्ट्रिब्युटर गेला, सेन्सर उरला. आताच्या इंजिनांत त्याच्यावर आणखी एक जबाबदारी आली आहे. ऑइलच्या दाबाने कॅमशाफ्ट क्रँकच्या तुलनेत थोडा पुढेमागे फिरवून व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलायची, आणि तो खरंच किती फिरला याची खबर सेन्सरने द्यायची.

एवढं महत्त्वाचं काम, मग सिग्नल गेल्यावर इंजिन ताबडतोब बंद का पडत नाही? काही पडतात. काही एकदा सुरू झाल्यावर क्रँकच्या सिग्नलवर चालत राहतात, कारण सम एकदा सापडली की पुढची मोजत नेता येते. काही ईसीयू सुरू करतानाच अंदाज बांधतात. अमुक सिलिंडरची पाळी धरून पेट्रोल आणि ठिणगी देऊन बघायची, आरपीएम वाढले तर ठीक, नाहीतर ३६० अंश सरकून पुन्हा प्रयत्न. लांबलेल्या सेल्फचं मूळ पुष्कळदा या शोधात असतं. त्यामुळे ‘माझी गाडी तर चालते, मग सेन्सर खराब कसा’ हा युक्तिवाद टिकत नाही, आणि ‘गाडी बंद पडली म्हणजे सेन्सरच’ हाही नाही.

सेन्सर मुख्यतः दोन जातींचे. दोन वायरींचा असतो तो साधा. आत चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. समोरून लोखंडी दाता गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात एसी व्होल्टेज उमटतं. त्याला बाहेरून सप्लाय लागत नाही. गती वाढली की व्होल्टेज वाढतं, गती कमी तर सिग्नल दुबळा. मरतुकड्या बॅटरीवर सेल्फ कण्हत फिरत असेल तर असा सेन्सर धडधाकट असूनही त्याचा आवाज ईसीयूच्या कानापर्यंत जात नाही. तपासायलाही हा सोपा. काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजायचे आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायचे, मग सेल्फ मारताना एसी व्होल्टेज येतंय का पाहायचं. याच्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

तीन वायरींचा बहुधा हॉल जातीचा. माझ्या गाडीत हाच आहे. एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याला १८७९ मध्ये असं दिसलं की सोन्याच्या पातळ पत्र्यातून करंट जात असताना त्यावर आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं, तर पत्र्याच्या दोन बाजूंमध्ये किंचित व्होल्टेज तयार होतं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. त्या सोन्याच्या पत्र्याची जागा आता अर्धवाहकाच्या कणभर तुकड्याने घेतली आहे, आणि तो इंजिनाच्या उकळत्या ऑइलच्या शेजारी बसून दाता आला, दाता गेला एवढंच सांगत राहतो. हॉलच्या मार्गदर्शकांना, हेन्री रोलंड यांना, याची कल्पना दिली असती तर त्यांनी काय चेहरा केला असता, असं मला बॉनेटखाली वाकलेलं असताना उगाचच वाटून जातं.

हॉल सेन्सरवर ओहममीटर लावू नये. आत इलेक्ट्रॉनिक्स असल्यामुळे येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो, आणि मीटरच्या करंटने आतला भाग दुखावू शकतो. तरी लोक लावतात, ‘ओपन दाखवतोय’, म्हणजे आत जोड तुटलाय, म्हणतात आणि नवीन सेन्सर आणायला निघतात.

कोड पुसण्याचीही अशीच घाई असते. कोड नोंदवला गेला त्या क्षणी ईसीयूने गाडीची अवस्था टिपून ठेवलेली असते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनाचं तापमान किती, आरपीएम किती, गाडी उभी की धावती. कोड पुसला की ती नोंदही जाते. माझ्या फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट चांगलाच तापलेला होता आणि आरपीएम सेल्फच्या गतीचे होते. म्हणजे गरम इंजिन, सुरू होण्याच्या बेतात. पुढे काय शोधायचं ते यातूनच ठरलं.

ओळखीतले एक जुने मेकॅनिक आहेत. त्यांना फोनवर हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, आधी कनेक्टर हलवून बघा, मग पाकीट काढा.”

कनेक्टरकडे लोक फार वरवर बघतात. लॉक दाबून तो ओढला की आत तीन बारीक पिना दिसतात. टॉर्च धरून नीट पाहायचं. पिनेवर हिरवट थर आहे का, एखादी पिन वाकलीय का, रबरी सील जागेवर आहे का. आत ऑइल दिसलं तर ते बहुधा सेन्सरच्या आतूनच पाझरून आलेलं असतं आणि मग वाद घालायचं कारण उरत नाही. खरा चोर मात्र वायरीच्या बाजूच्या फीमेल टर्मिनलमध्ये असतो. पूर्वी कोणीतरी मीटरची जाड सुई त्यात पुढून खुपसलेली असते, त्याने टर्मिनलची पकड सैल होते आणि गाडीच्या थरथरीत संपर्क तुटत राहतो. डोळ्याला हे दिसत नाही. त्याच मापाची एक सुटी मेल पिन आत घालून हळूच बाहेर ओढायची, प्रत्येक खाचेत. दोन ठिकाणी पिन जरा धरून सुटते आणि तिसऱ्या ठिकाणी लोण्यातून आल्यासारखी बाहेर येते, तर दुखणं सापडलं. माझ्या तिन्ही खाचांनी पिन चांगली धरली. कनेक्टरच्या मागे जिथे वायरी वळतात तिथे कॅम कव्हरच्या कडेला घासून इन्सुलेशन गेलंय का तेही बोट फिरवून बघितलं. इन्सुलेशन शाबूत होतं.

मग मीटर. सुया पुढून न खुपसता मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक टाचणीसारख्या प्रोबने आत सरकवायच्या. पहिला प्रश्न सप्लायचा. गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट हवेत, माझ्याकडे ५. दुसरा प्रश्न अर्थचा, आणि तो विचारताना कनेक्टर लावलेला आणि चावी ऑन हवी. मीटरचं एक टोक सेन्सरच्या अर्थच्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे काही मिलिव्होल्ट दिसले तर उत्तम. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी गंज नाहीतर सैल बोल्ट बसलाय. कनेक्टर काढून नुसती कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का एवढंच, बघितली तर मीटर खुशाल बीप करतं, कारण वायरीचा एक धागा शिल्लक असला तरी त्याला पुरतं. करंट वाहत असतानाच अर्थची खरी परीक्षा होते.

तिसरी वायर सिग्नलची, आणि इथे एक गंमत आहे जी कळल्यावर मला हा सेन्सर आवडायला लागला. बहुतेक हॉल सेन्सर सिग्नलचं व्होल्टेज स्वतः देतच नाहीत. ते देतो ईसीयू, एका रेझिस्टरमधून. सेन्सर फक्त ती वायर अर्थकडे ओढतो आणि सोडतो, ओढतो आणि सोडतो. म्हणून कनेक्टर काढून, चावी ऑन करून, वायरीच्या बाजूच्या सिग्नल खाचेत मीटर लावलं तर तिथे सेन्सर नसतानाही ५ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले, तर ईसीयूपर्यंतची वायर धड आहे आणि ईसीयू आपलं काम करतोय, हे एकाच मोजणीत कळतं. नाही दिसले, तर नवीन सेन्सर लावून काहीही होणार नाही, कारण दोष त्याच्या पलीकडे आहे. पाकीट काढण्याआधी हे एक माप घेतलं तरी कितीतरी बिचारे धड सेन्सर भंगारात जायचे वाचतील.

सप्लायच्या ५ व्होल्टचीही एक खोड आहे. ही लाइन पुष्कळ गाड्यांत एकट्या कॅम सेन्सरची नसते, दोन-तीन सेन्सर तिच्यावर असतात. त्यातला एखादा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचं व्होल्टेज बसतं आणि बिल फाडलं जातं कॅम सेन्सरच्या नावावर. अशा वेळी मीटर लावून ठेवायचं आणि त्या लाइनवरचे कनेक्टर एकेक करून काढायचे. ज्याच्या निघण्याने व्होल्टेज पुन्हा ५ वर उडी मारतं, तो गुन्हेगार.

माझ्याकडे सप्लाय ठीक, अर्थ ठीक, सिग्नलची वायर ठीक. आता सेन्सर जोडून इंजिन हाताने फिरवायचं. इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर आधी काढलेले बरे, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला सावकाश फिरवायचं. उलटं फिरवलं तर चेन सैल पडून भलतंच काम वाढू शकतं. मीटरचा आकडा ५ वरून शून्याजवळ पडतो, परत चढतो. कॅमच्या चकतीवर दाते थोडे असतात, त्यामुळे क्रँकचे पूर्ण दोन फेरे होईपर्यंत धीर धरावा लागतो. आकडा व्यवस्थित पडत होता आणि चढत होता. सेन्सर निर्दोष!

पण इंजिन गार होतं. माझं दुखणं गरम इंजिनाचं, आणि मी परीक्षा घेत होते गार सेन्सरची. गाडी बंद केल्यावर काही मिनिटं बॉनेटखालची उष्णता वाढत जाते हे पुष्कळांना पटत नाही. इंजिन बंद, म्हणून कूलंट फिरत नाही, समोरून वारा नाही, आणि तापलेलं धातूचं धूड आजूबाजूच्या प्लॅस्टिकला भाजत बसतं. थोडा वेळ थांबून परत सुरू करताना सेन्सर सगळ्यात जास्त तापलेला असतो. त्यामुळे गाडी फिरवून आणली, उभी केली आणि बॉनेट बंद ठेवूनच वाट पाहिली.

या वेळी मीटरऐवजी सिग्नलची रेघ पडद्यावर काढून दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप लावला. सेल्फ फिरत असताना मीटर धड काही दाखवत नाही. वेगाने बदलणाऱ्या सिग्नलची सरासरी काढून एक मधलाच आकडा हातात ठेवतं. स्कोपवर दोन चॅनल घेतले, एक क्रँकला, एक कॅमला. क्रँकचे दाते सरसर उमटत होते, गाळलेल्या दात्यांची जागा नियमाने येत होती. कॅमची रेघ मात्र ५ व्होल्टवर आडवी पडून राहिली. मध्येच एक चौकोनी पाऊल उमटायचं आणि पुन्हा आडवी. मग स्प्रेच्या बाटलीतून सेन्सरच्या डोक्यावर थोडं पाणी मारलं. वाफ निघाली, काही क्षण गेले, आणि रेघेला कडक, सरळ कडांचे चौकोन फुटायला लागले. इंजिनाने लगेच धरलं.

म्हणजे सेन्सरच गेला होता. कोड वाचून पहिल्या मिनिटाला जे कोणीही सांगितलं असतं, तेच. मग ही सगळी उठाठेव कशासाठी, असं घरात विचारलं गेलं आणि प्रश्न रास्त होता. माझ्यापुरतं उत्तर असं की आता मला सेन्सर बदलताना धाकधूक नव्हती. अंदाजाने बदलणाऱ्याला ती असते. त्याची गाडी दोन दिवस नीट चालते, तिसऱ्या दिवशी सेल्फ जरा लांबला की पोटात गोळा येतो.

शिवाय उलटी प्रकरणंही असतात, आणि त्यांच्यात सेन्सरवर खरा अन्याय होतो. टायमिंग चेन ताणली गेली की कॅम क्रँकच्या थोडा मागे पडतो. सेन्सर ते इमानेइतबारे कळवतो, ईसीयूला दोन्ही सिग्नल जुळत नाहीत असं दिसतं, आणि पी ०३४१ किंवा पी ००१६ नोंदला जातो. पी ००१६ तर सरळ सांगतो की कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही. तरी बदलला जातो सेन्सर. नवा सेन्सरही तेच कळवतो, कारण खरंच तसं आहे, आणि मग नवीनच पीस खराब निघाला म्हणून तिसरा आणला जातो. तोवर चेन आणखी सैल होत राहते. गार इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड ऐकू येत असेल तर आधी तिकडे कान द्यावा. ज्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्टच्या कॅमला एकसारखे दोन सेन्सर असतात, तिथे एक फुकटची परीक्षाही आहे. दोघांची अदलाबदल करायची. पी ०३४० जाऊन दुसऱ्या कॅमच्या सेन्सरचा पी ०३६५ आला, म्हणजे दोष सेन्सरबरोबर चालत गेला. कोड जागचा हलला नाही, तर सेन्सर सुटला आणि वायरिंग अडकलं.

नवीन सेन्सर बसवायला फार वेळ लागला नाही. ओ-रिंगला बोटाने ऑइल लावलं, जुना निघाला त्या भोकाच्या कडा पुसल्या, सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसू दिला आणि मगच बोल्ट आवळला. बोल्टने ओढून बसवायला गेलं तर प्लॅस्टिकचा कान तुटतो. जुन्याच्या चुंबकी टोकाला धातूचा बारीक काळसर कीस चिकटला होता, पण तो सिग्नल अडवण्याइतका नव्हता. कोड पुसला, गाडी तापवली, उभी ठेवली, सुरू केली. एका सेल्फमध्ये.

जुना सेन्सर टेबलावर आणून ५ व्होल्टचा सप्लाय दिला, सप्लाय आणि सिग्नल यांच्यामध्ये रेझिस्टर आणि एक छोटा एलईडी जोडला आणि टोकासमोरून लोखंडी पाना हलवला. एलईडी लागत होता, विझत होता, एकदाही न चुकता. केस वाळवायच्या ड्रायरने त्याला शेकत राहिले, तेव्हा एका टप्प्याला पाना कितीही हलवा, काही नाही. गार होऊ दिला, पुन्हा सुरू. गार असताना तो कुठल्याही मीटरवर पास होईल, कोणाच्याही गाडीत पहिल्या दिवशी नीट चालेल. म्हणून सुट्या भागांच्या डब्यात टाकण्याआधी पक्कड घेतली आणि त्याच्या तिन्ही पिना मोडून टाकल्या.